वाफसा कोण ओळखणार?

कुंडीतल्या तुळशीला पाणी किती घालायचं, हे आपल्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. मातीत बोट खुपसायचं. ओल लागली तर आज राहू द्यायचं, कोरडं लागलं तर तांब्याभर घालायचं. पावसाळ्यात हात आखडता, वैशाखात दोन वेळा. आईनं केलं, सासूबाईंनी केलं, ते बघत बघत आपण शिकलो. शेतकरी बाईचं ज्ञान तर याहून कितीतरी मोठं. ती मातीची मूठ वळून बघते. गोळा झाला आणि हलक्या हातानं फुटला की म्हणते, ‘वाफसा आलाय.’ चिखलही नाही आणि धूळही नाही, मुळांना पाणी मिळतंय आणि हवाही मिळतेय, अशी जमिनीची अवस्था म्हणजे वाफसा. पेरणीपासून पाणी देण्यापर्यंत सगळं त्यावर ठरतं.

मैत्रिणींनो, हे बोट आणि ही मूठ आता यंत्राकडे गेली आहे. पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या कापडानं झाकलेल्या शेतात, मातीत एक सळई रोवलेली असते. ती ओल मोजते आणि तारेतून नाहीतर मोबाईलच्या रेंजवरून एका डब्याला कळवते. तो डबा पाण्याची चावी उघडतो, ठरलेल्या मिनिटांनी बंद करतो आणि शेतकऱ्याच्या फोनवर निरोप पाठवतो. दारं धरायला कुणी जायला नको, रात्री-बेरात्री मोटर सुरू करायला कुणी उठायला नको. ऐकायला छानच आहे. पण ज्या घरात पाणी देण्याचं काम वर्षानुवर्षं बाईकडे होतं, तिथे हा डबा आल्यावर त्या बाईचं काय होतं? आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

स्टेशनबाहेरची स्ट्रॉबेरी

डिसेंबर-जानेवारीत आमच्या विक्रोळी स्टेशनबाहेर स्ट्रॉबेरीचे छोटे छोटे डबे विकायला येतात. वर लालचुटूक, खाली जरा दडपलेली. घासाघीस करून आपण घेतो, घरी येऊन साखर भुरभुरवतो आणि मुलांपुढे ठेवतो. हे फळ बहुतेक वेळा साताऱ्याच्या डोंगरातून आलेलं असतं. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणी आणि आसपासच्या जावळी, वाई भागात पिकते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ज्याचं नाव गाजलं ते भिलारही स्ट्रॉबेरीचंच गाव.

हे पीक मोठं नाजूक. रोपं कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणांहून मागवायची, त्या मातृरोपांना फुटलेल्या धाग्यांपासून नवी रोपं तयार करायची, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लावायची, वर मल्चिंगचा कागद, खाली ठिबकच्या नळ्या. बहुतेक मुळं वीतभर खोलसुद्धा जात नाहीत. त्यामुळे पाणी जरा कमी पडलं की रोप मान टाकतं आणि जरा जास्त झालं की मुळं कुजतात. फळ ओलसर राहिलं की त्यावर राखाडी बुरशी चढते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात तिथल्या गावांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. उलट कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठून हिमकण दिसतात. पर्यटक फोटो काढतात आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो.

या लहरी हवेपासून पीक वाचवायचं म्हणून काहीजणांनी स्ट्रॉबेरी प्लास्टिकच्या छपराखाली नेली. असे शेतकरी अजून थोडेच आहेत. बहुतेकांची लागवड उघड्यावरच असते. पण ज्यांनी नेली त्यांना छपराखाली पावसाची भीती उरली नाही, तसा पावसाचा आधारही उरला नाही. तिथे पडणारा प्रत्येक थेंब माणसालाच द्यायला लागतो. म्हणूनच पॉलिहाऊस आलं की मागोमाग पाण्याचं यंत्र येतं.

अभिषेकपात्र आणि चावीवाला

यंत्र म्हटलं की आपण जरा बिचकतो. पण हे काम समजायला अवघड नाही. महादेवाच्या पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र आठवा. थेंब थेंब, एकाच जागी, सतत. ठिबक सिंचनाचं तत्त्व तेच. इस्रायलचे पाण्याचे इंजिनिअर सिम्खा ब्लास यांना गळक्या नळाशेजारचं एक झाड इतरांपेक्षा जोमानं वाढलेलं दिसलं, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. १९६५ मध्ये हात्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, त्याचा कारखाना निघाला. आपल्याकडे ठिबक घरोघर नेण्यात जळगावच्या भवरलाल जैन यांचा वाटा फार मोठा. त्याच्याही आधी आपल्याकडे झाडाच्या बुडाशी पाण्यानं भरलेलं मडकं पुरायची रीत होतीच.

आता चावीवाल्याकडे येऊ. मुंबईत महानगरपालिकेचा चावीवाला किती महत्त्वाचा, हे आमच्या पार्कसाइटच्या डोंगरावर राहणाऱ्या बायकांना विचारा. तो येऊन रस्त्यातली चावी फिरवेल तेव्हा नळाला पाणी. त्याला उशीर झाला की हंडे-कळशांची रांग आणि ऑफिसचा खाडा. शेतातला स्वयंचलित व्हॉल्व्ह म्हणजे असाच चावीवाला, फक्त विजेवर चालणारा. त्याला हुकूम देणारा डबा म्हणजे कंट्रोलर. आणि कंट्रोलरला बातमी पुरवणारी सळई म्हणजे सेन्सर. बातमी, निर्णय आणि चावी, एवढंच त्याचं घर.

सेन्सर अनेक तऱ्हेचे असतात. जमिनीतली ओल मोजणारा टेन्शिओमीटर तर फार जुना आणि साधा आहे. पाण्यानं भरलेली नळी, खाली मातीची सच्छिद्र टोपी आणि वर घड्याळासारखी तबकडी. माती कोरडी झाली की ती नळीतलं पाणी ओढते आणि काटा पुढे सरकतो. काटा शून्यावर असेल तर चिखल. तो जितका पुढे, तितका मुळाला पाणी ओढायला जोर जास्त. याशिवाय हवेतली उष्णता, दमटपणा आणि ऊन मोजणारे सेन्सर असतात. दमटपणा वाढला की बाजूचे पडदे उघडायचे, ऊन वाढलं की फॉगरनं बारीक धुकं सोडायचं, हेही कंट्रोलर ठरवतो.

पाणी किती द्यायचं याचा हिशेब घरच्यासारखाच आहे. तासाला २ लिटर पाणी सोडणारा ड्रिपर ६ मिनिटं चालू ठेवला तर २०० मिलिलिटर, म्हणजे साधारण पेलाभर पाणी पडतं. सकाळी एकदम बादली ओतण्यापेक्षा दिवसभरात पाच वेळा घोटभर दिलेलं रोपाला मानवतं. तान्ह्या बाळाला आपण एकदम वाटीभर पेज पाजत नाही, तसंच. पण दिवसातून पाच-सहा वेळा, घड्याळाच्या काट्यावर, हातानं चावी फिरवत कोण बसणार? इथे यंत्र खरंच उपयोगी पडतं.

खारटपणाची परीक्षा

पॉलिहाऊसमध्ये पाण्याबरोबरच विद्राव्य खतं जातात. बरेच जण माती वापरतच नाहीत, नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या पिशव्यांत रोपं लावतात. त्याला कोकोपीट म्हणतात. अशा वेळी दोन आकडे फार महत्त्वाचे. एक पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा. तो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा. दुसरा ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज. स्ट्रॉबेरीसाठी तो १ ते दीडच्या आसपास ठेवतात, कारण हे रोप खारटपणाला फार हळवं आहे.

ईसी म्हणजे काय, हे आम्हा विक्रोळीकरांना पटकन कळतं. आमच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, कांदळवन आणि मिठागरांची जमीन. खाडीच्या पाण्यावर कांदळ झकास वाढतं, त्याला मीठ झेपवायची युक्ती निसर्गानं दिली आहे. पण तेच पाणी वांग्या-टोमॅटोला घातलं तर रोप दोन दिवसांत करपेल. पाणी समोर असून रोपाला ते पिता येत नाही. खत जास्त झालं तर पॉलिहाऊसमध्ये हेच होतं. पानांच्या कडा जळतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. मीठ चमचाभर जास्त पडलं की आमटीत बटाटा तरी टाकता येतो. रोपाच्या बाबतीत साध्या पाण्यानं पिशवी धुऊन काढणं, एवढाच उपाय.

वहिनींनी आधी ओळखलं

आमच्या कन्नमवार नगरातल्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचं माहेर वाईकडचं. गेल्या थंडीत आम्ही पाचजणी तिच्याकडे दोन दिवस राहून आलो. तिच्या भावाचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस. स्टँडवर कमरेइतक्या उंचीवर कोकोपीटच्या पिशव्या, त्यातून खाली लोंबणारी फळं. तोडणीला वाकायला नको, हे बघून आमच्यातल्या कंबरदुखीवाल्या दोघींना फार आनंद झाला.

पाणी-खत सगळं कंट्रोलरवर. पहिल्या वर्षी ते भावाच्या फोनवरून चालायचं. वहिनींकडे साधा फोन होता. त्यांचं काम तोडणी, निवड आणि डबे भरणं. त्याआधी सहा-सात वर्षं उघड्यावरच्या स्ट्रॉबेरीला पाणी त्याच देत होत्या. डबा बसल्यावर भाऊ म्हणाला, ‘आता तू सुटलीस.’

एका सकाळी अकराच्या सुमारास वहिनींना शेवटच्या दोन ओळींतली पानं मलूल दिसली. त्यांनी पिशवीत बोट घातलं तर कोकोपीट हाताला कोरडं लागलं. नवरा बाजाराला गेलेला. फोन केला तर तो म्हणाला, ‘अगं, इथं दाखवतंय की पाणी दिलंय म्हणून. सहा मिनिटं पूर्ण. उन्हानं झालं असेल.’ वहिनी गप्प बसल्या. संध्याकाळी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी भाऊ स्वतः ओळीच्या टोकाला गेला तेव्हा कळलं, फिल्टरमध्ये शेवाळ अडकलं होतं. व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे उघडत होता, मोटर चालत होती, फोनवर ‘पाणी दिलं’ असा निरोप येत होता. पण दाब कमी झाल्यामुळे पाणी शेवटच्या ओळींपर्यंत पोचतच नव्हतं. सेन्सर पहिल्या ओळीत होता, त्यामुळे त्याच्या मते सगळं आलबेल. त्या दोन ओळींची फुलं गळाली आणि ऐन भावाच्या दिवसांतला माल गेला.

वहिनी हे सांगताना चिडल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘ताई, मशीन खोटं बोललं नाय. त्याला जेवढं दिसत होतं तेवढंच त्यानं सांगितलं. मला दिसत होतं ते कुणी ऐकलं नाय.’

आम्ही सगळ्या थोडा वेळ गप्पच झालो. कारण हे वाक्य फक्त पॉलिहाऊसपुरतं नव्हतं. बाळाला बरं वाटत नाहीये हे आईला कळतं, पण थर्मामीटरनं ९८ दाखवलं की तिला वेड्यात काढतात. घरातला गॅस वास मारतोय, मिक्सरचा आवाज बदललाय, म्हाताऱ्या सासऱ्यांची चाल आज वेगळी आहे, हे आधी कुणाच्या ध्यानात येतं ते आपल्याला ठाऊक आहे. बाई रोज हात लावते, म्हणून तिला कळतं. त्या कळण्याला नाव नाही आणि आकडा नाही, म्हणून त्याला किंमत नाही.

भावानं मात्र चूक मान्य केली आणि तिथेच थांबला नाही. दुसरा सेन्सर शेवटच्या ओळीत बसवला. पाइपवर पाण्याचं मीटर लावलं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला एवढंच नाही तर लिटर किती गेले हेही कळतं. आणि वहिनींसाठी स्मार्टफोन घेऊन ॲप त्यावर टाकलं. आता सकाळी सातला वहिनी आकडे बघतात, मग एक फेरी मारून चार पिशव्यांत बोट घालतात आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहितात. ईसी, पीएच, किती लिटर, फिल्टर धुतला की नाही. दूधवाल्याचा आणि गॅसचा हिशेब जिथे असतो तिथेच हा हिशेब. महिन्याचं पान उलटण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवतात. त्यांच्या लक्षात आलं की ढगाळ दिवसाच्या दुसऱ्या सकाळी कोकोपीट जास्त ओलं राहतं, म्हणून ढग दिसले की त्या स्वतःच एक पाळी कमी करतात. पन्नास हजारांचं यंत्र असो की पाच लाखांचं, ही नोंद कुठल्याही दुकानात विकत मिळणार नाही.

बाहेरच्या जगात

नेदरलँड्समधल्या वॅगेनिंगन विद्यापीठानं २०१८ मध्ये एक गंमतशीर स्पर्धा घेतली होती. काचेच्या हरितगृहात काकडी पिकवायची, पण माणसानं आत जाऊन निर्णय घ्यायचे नाहीत. पाणी, खत, उजेड आणि उष्णता संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं दुरूनच ठरवायची. शेजारी अनुभवी डच बागायतदारांचंही हरितगृह. मायक्रोसॉफ्टच्या माणसांचा ‘सोनोमा’ नावाचा संघ पहिला आला आणि त्यानं बागायतदारांनाही मागे टाकलं. चीनच्या युनान प्रांतात २०२० मध्ये स्ट्रॉबेरीची अशीच स्पर्धा झाली. तिथे यंत्रावर पिकवणाऱ्या चार संघांनी पारंपरिक शेतकऱ्यांपेक्षा सरासरी जवळजवळ तिप्पट माल काढला. शेतकऱ्यांना पिकाची जाण कमी होती असं नाही. ते पाणी-खत आणि उष्णता हातानं सांभाळत होते, संघांकडची यंत्रं ते काम मिनिटामिनिटाला आणि मोजून करत होती. हा फरक मुख्यतः सातत्याचा आहे.

आपल्याकडेही वारे वाहू लागलेत. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी तर साध्या मोबाईलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ तयार केलं, त्याला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला. रात्री वीज आली की विंचू-काट्यातून, बिबट्याच्या भीतीत मोटर सुरू करायला जाणाऱ्या घरांना त्याचं मोल कळतं. नाशिक भागातल्या द्राक्षबागांत हवामान आणि ओल मोजणारी यंत्रं दिसतात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याचा उल्लेख मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे केला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. म्हणजे ही यंत्रं आज ना उद्या आपल्या माहेरी-सासरी पोचणार, हे नक्की.

सोन्याची पण सुरी

तरीही घाई नको. पॉलिहाऊस हे महागडं प्रकरण आहे. सरकारी अनुदान मिळालं तरी उरलेल्या पैशांसाठी बहुतेकांना बँकेचं दार ठोठवावं लागतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात गारपीट झाली तेव्हा कित्येक पॉलिहाऊसच्या चिंध्या झाल्या. पुढे भाव कोसळले आणि हप्ते थकले. २०१८ च्या सुमारास पॉलिहाऊस-शेडनेटवाल्या शेतकऱ्यांना कर्जमाफीसाठी रस्त्यावर यावं लागलं. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून बायकोची सही असते, हे वेगळं सांगायला नको. सही कशावर करतोय हे वाचायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

यंत्राचेही नखरे असतात. कोकोपीटमध्ये पाण्याचा साठा फार थोडा. मातीतलं रोप दिवसभर तग धरेल, पिशवीतलं भर उन्हात काही तासांतच मान टाकेल. वीज गेली आणि बॅटरी-जनरेटर नसेल तर सगळा डोलारा खाली. डोंगरात रेंज नसेल तर निरोप पोचत नाही. सेन्सरवर क्षार चढले तर तो चुकीचं सांगतो. आणि बंद छपराखाली मधमाशा फिरकत नाहीत, मग फळं वेडीवाकडी होतात. बाजूच्या जाळ्या फुलोऱ्यात उघडायच्या की पेट्या ठेवायच्या, याचा विचार आधी करावा लागतो. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. स्ट्रॉबेरीच्या मुलखात मधमाशीला मान मिळाला, हे योग्यच झालं.

ज्यांना एवढी उडी मारायची नाही त्यांनी पायरीपायरीनं जावं. आधी ठिबक. त्याला केंद्राच्या योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, त्यात राज्य सरकार भर घालतं, आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. मग साधा टायमर. मग एखादा टेन्शिओमीटर. सगळं हातात बसलं की मोठा कंट्रोलर.

सात-बारा आणि सिमकार्ड

आता मूळ प्रश्नाकडे येते. अनुदानाचा अर्ज करायचा तर सात-बारा लागतो, आणि तो बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेतजमिनीच्या वहिवाटदारांमध्ये बायकांचं प्रमाण जेमतेम १४ टक्के निघालं. शेतात घाम गाळणाऱ्या बायका किती, हे आपण एसटीच्या खिडकीतून बघतोच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं, त्यालाही आता तीस वर्षं उलटली. २००५ च्या कायद्यानं लेकीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला. तरी माहेरी हक्कसोडपत्रावर सही करून, साडी-चोळी घेऊन परत येणाऱ्या कितीतरी जणी आपल्या ओळखीच्या आहेत.

याच रांगेत आता नवी गोष्ट येऊन बसली आहे. फोन. अनुदान ज्याच्या नावावर, यंत्र त्याच्या नावावर. यंत्र ज्याच्या नावावर, ॲप त्याच्या फोनवर. प्रशिक्षणाला जाणार तोच. आणि दिवसभर पॉलिहाऊसमध्ये वावरणार बाई. असं झालं की तिचं काम हलकं होत नाही, फक्त तिच्या हातातला निर्णय जातो. ती पाणी देणारी होती, आता नुसती तोडणारी आणि डबे भरणारी उरते. मजुरीच्या भाषेत सांगायचं तर कारागिराची हमाल होते.

याला उपाय आहे आणि तो फार लांबचा नाही. २०२३ मध्ये केंद्रानं ‘नमो ड्रोन दीदी’ योजना काढली आणि १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं. कालपर्यंत सायकलवर बसायला संकोचणाऱ्या बायका आता औषध फवारणीचं ड्रोन उडवायला शिकतात, तर पाण्याचा कंट्रोलर काय अवघड आहे? तळेगाव दाभाडे इथे राज्य कृषी पणन मंडळाच्या संस्थेत पॉलिहाऊसचं प्रशिक्षण मिळतं. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येते. गटातल्या दोघी-तिघी मिळून गेलात तर घरचेही ‘एकटी कशी जाणार’ म्हणणार नाहीत. नवरा-बायकोनं जोडीनं जावं, हे तर सर्वांत उत्तम.

खरेदीआधी विचारा

विक्रेत्यासमोर बसल्यावर चहाचा ट्रे ठेवून आत जाऊ नका. तिथेच बसा आणि हे विचारा.

सेन्सर किती आणि कुठे बसवणार? निदान एक शेवटच्या ओळीत हवाच.

व्हॉल्व्ह उघडला एवढंच कळणार, की पाणी किती लिटर गेलं तेही? पाण्याचं मीटर आहे का?

वीज गेली, रेंज गेली तर काय? हातानं चावी उघडायची सोय आहे का, आणि ती मला आत्ता करून दाखवाल का?

ॲप मराठीत आहे का? एका वेळी किती फोनवर चालतं? वर्षाचं भाडं किती?

बिघाड झाला तर माणूस कुठून येणार, किती तासांत? जवळपास कुणाकडे हेच यंत्र दोन हंगाम चालू आहे का? तिथे जाऊन त्या घरातल्या बाईशी बोला. खरी माहिती तिच्याकडून मिळेल.

फिल्टर कधी धुवायचा, सेन्सर कधी तपासायचा? हे कागदावर लिहून घ्या आणि मोटरच्या खोलीत चिकटवा.

आणि एक सवय मात्र सोडू नका. यंत्र कितीही चांगलं असलं तरी दिवसातून एकदा फेरी मारा, पान उलटून बघा, मातीत बोट घाला. आकडा आणि बोट यांचं जमत नसेल तर गप्प बसू नका, मोठ्यानं सांगा. यंत्राचा आकडा तुमच्या बाजूनं साक्ष देतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. आजवर ‘मला वाटतं’ म्हणून सोडून दिलेलं आता तारीख-वारासह दाखवता येईल.

येत्या हंगामात तुमच्या घरी असा डबा येणार असेल, तर तो बसवायला येणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत सांगा, ‘दादा, ॲप माझ्याही फोनवर टाकून दे. आणि पाळी कशी बदलायची ते मला शिकवून जा. घाई नाही, चहा टाकते.’